हे उणे कुठून आलं?

2018 च्या ऑगस्टमध्ये मी कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पीएचडीला आले. बार्शीला दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पुण्यात इंजिनिअरिंग, आणि तिथून एकदम थिअरेटिकल कम्प्युटर सायन्स. मामा फोनवर विचारायचे, कम्प्युटरमध्ये पीएचडी करतेस आणि कम्प्युटर लावतच नाहीस म्हणतेस, मग दिवसभर करतेस तरी काय, आणि मला नीट सांगता यायचं नाही, कारण आमचं सगळं काम वही, खडू आणि बोर्ड एवढ्यावरच चालतं.

तर हे लिहितेय ते आमच्या शुक्रवारच्या टॉक्सबद्दल. रीतसर सेमिनार वेगळे असतात, त्यांची नोटीस लागते, प्रोफेसर येतात, बाहेरचे पाहुणे येतात. हे तसलं काही नव्हतं. विद्यार्थी विद्यार्थी जमायचे, संध्याकाळी, जी खोली रिकामी मिळेल तिथे, कुणीतरी कॅन्टीनमधून समोसे आणायचं, आणि एक जण बोर्डापाशी उभं राहून जे काही सध्या वाचतोय ते सांगायचा. दहा-बारा जण असायचे, कधी पाचच. स्लाइड्स चालायच्या नाहीत, फक्त खडू. मधे कुणीही कधीही थांबवू शकतं. आणि "हे ट्रिव्हियल आहे" असं म्हणायचं नाही, हा नियम कुणी केला माहीत नाही पण मी आले तेव्हा तो होताच आणि सगळे मनापासून पाळायचे. एक तास ठरलेला असायचा, तो दोनावर जायचा, कधी अर्ध्यातच थांबायचा आणि राहिलेलं पुढच्या शुक्रवारी.

पहिलं वर्षभर मी नुसती ऐकायला बसायचे. बरंचसं डोक्यावरून जायचं, पण काही टॉक्स अजून लख्ख आठवतात. केरळची एक सीनियर होती, तिने कार्गरचा मिनिमम कटचा अल्गोरिदम सांगितला होता, 1993 चा. ग्राफचे, म्हणजे कडांनी जोडलेल्या ठिपक्यांच्या जाळ्याचे, दोन तुकडे करायला कमीत कमी किती कडा तोडाव्या लागतील, एवढाच प्रश्न. आणि उत्तर काय, तर डोळे मिटून एक कड उचला, तिची दोन टोकं एकमेकांत मिसळून टाका, परत एक उचला, परत मिसळा, शेवटी दोनच ठिपके उरतील, त्यांच्यात ज्या कडा राहिल्या तो तुमचा कट. मला वाटलं ही चेष्टा करतेय. पण तिने गणित करून दाखवलं की n ठिपके असतील तर असं एकदा करून बरोबर उत्तर येण्याची शक्यता निदान 2/n(n−1) तरी असतेच, म्हणजे पुरेशा वेळा करून बघितलं की चुकायची भीती जवळजवळ संपते. तिने सहा ठिपक्यांचा ग्राफ काढला आणि कड कुठली उचलायची ते आम्हाला फासा टाकून ठरवायला लावलं. पहिल्या दोन वेळा चुकीचं उत्तर आलं, तिसऱ्या वेळी बरोबर आलं आणि आम्ही सगळे ओरडलो. पुस्तकात तेच प्रूफ पानभर असतं आणि ते मी आधी वाचलेलंही होतं, पण असं ओरडावंसं कधी वाटलं नव्हतं.

माझी पाळी आली 2019 च्या पावसाळ्यात. झालं असं की त्या जुलैच्या पहिल्याच दिवसांत अर्काइव्हवर, म्हणजे छापून येण्याआधी पेपर टाकतात त्या वेबसाइटवर, एक पेपर आला, हाओ ह्वांग नावाच्या गणितज्ञाचा, अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीतला. सेन्सिटिव्हिटी कंजेक्चर नावाचा प्रश्न नोआम निसान आणि मारिओ सेगेडी यांनी 1992 मध्ये मांडलेला, सत्तावीस वर्षं भल्याभल्यांनी डोकं फोडलेलं, आणि या माणसाने तो सोडवला, मुख्य प्रूफ दोन पानांत मावेल एवढं. काही दिवसांतच डोनाल्ड कनूथनी त्याची एका पानाची टिपण काढली. आमच्या मजल्यावर त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. मी दोन पानं वाचली, एकेक ओळ तपासली, सगळं पटलं, आणि शुक्रवारी कोण बोलणार असं कुणी विचारलं तेव्हा हात वर केला. दोनच तर पानं आहेत असं वाटलं.

प्रश्न काय आहे ते आधी सांगते, कारण तो खरंच साधा आहे. सोसायटीची मीटिंग आहे समजा, n सभासद, प्रत्येकाने हो किंवा नाही म्हणायचं, आणि काहीतरी नियमाने एकच निर्णय निघतो. आता एखाद्या वेळी सगळ्यांची मतं ठरलेली आहेत, तर असे किती सभासद आहेत की ज्यांच्यातल्या एकट्याने मत फिरवलं तरी निर्णय फिरेल? सगळ्यात वाईट प्रसंगी हा आकडा जितका होतो तितकी त्या नियमाची सेन्सिटिव्हिटी. सगळ्यांनी हो म्हटलं तरच मंजूर असा नियम असेल तर सगळे हो म्हणत असताना कुणीही एक जण निर्णय पाडू शकतो, म्हणजे सेन्सिटिव्हिटी n. बहुमताचा नियम असेल तर काठावरच्या प्रसंगी साधारण निम्मे. असा हो-नाहीचा नियम, म्हणजे बूलियन फंक्शन, किती गुंतागुंतीचं आहे हे मोजायची अशी बरीच मापं आहेत, डिसिजन ट्रीची खोली (एकेकाला विचारत निर्णय काढायला सगळ्यात वाईट प्रसंगी किती जणांना विचारावं लागतं), पॉलिनॉमियलची डिग्री (नियम बहुपदी करून लिहिला तर एका पदात जास्तीत जास्त किती चलं गुणलेली), ब्लॉक सेन्सिटिव्हिटी (एकट्याऐवजी गटाने मत फिरवलं तर निर्णय फिरवणारे किती वेगवेगळे गट निघतात), आणि ती सगळी एकमेकांच्या आसपासच, म्हणजे दुसऱ्याच्या ठराविक घाताच्या आतच, राहतात हे आधीच सिद्ध झालेलं. एकटी सेन्सिटिव्हिटी तेवढी त्या घोळक्यात बसते की नाही हे कुणाला दाखवता येत नव्हतं. ह्वांगने ती बसवली.

तयारी मी चार रात्री केली. हॉस्टेलच्या खोलीत कपाटाच्या दारावर पुसता येणाऱ्या पेनने लिहून, रूममेट झोपली की हळू आवाजात बोलून. सगळ्यात जास्त वेळ घालवला कॉशीच्या इंटरलेसिंगवर (मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा तक्ता, तिच्या काही ओळी आणि तेच स्तंभ काढले तर तिचे खास आकडे, आयगेनव्हॅल्यू, किती सरकू शकतात ते सांगणारं प्रमेय), कारण मला वाटत होतं की तिथेच कुणीतरी अडवेल. गॉट्समन आणि लिनियल यांनी 1992 मध्येच दाखवलं होतं की हा फंक्शनचा प्रश्न खरं म्हणजे घनाच्या कोपऱ्यांचा प्रश्न आहे (एक कोपरा म्हणजे सगळ्यांच्या मतांची एक मांडणी, शेजारचा कोपरा म्हणजे एकाचंच मत बदललेलं), पण तो भाग मी वगळायचं ठरवलं, वेळ पुरणार नाही म्हणून.

शुक्रवारी पाऊस असा होता की खिडकीतून समुद्र दिसतच नव्हता, नुसता आवाज. अकरा जण आले. मी सोसायटीच्या मीटिंगपासून सुरुवात केली, ते छान गेलं. मग म्हटलं गॉट्समन-लिनियल आपण मानून चालू, आणि तिथेच पहिला हात वर. एक बंगाली सीनियर, शेवटच्या वर्षाचा, तो म्हणाला मानून का चालायचं, दोनच ओळी आहेत. आणि त्याने बसल्या जागेवरून सांगितलं. फंक्शनला पॅरिटीशी एक्सॉर करा, म्हणजे हो ला 1 आणि नाही ला 0 धरून, 1 ची संख्या विषम असेल तिथे उत्तर उलटवा. आता ज्या कोपऱ्यांवर उत्तर 1 येतं ते एका गटात. गटातले दोन कोपरे शेजारी असतील तर त्यांच्यात एकाच बिटाचा फरक, म्हणजे पॅरिटी उलटलेली, तरी दोघं एकाच गटात आहेत, याचा अर्थ मूळ फंक्शनही उलटलंय. म्हणजे गटातल्या गटात तुला किती शेजारी आहेत हीच तुझ्या ठिकाणची सेन्सिटिव्हिटी. आणि डिग्री पूर्ण n असेल तर हा गट निम्म्यापेक्षा मोठा किंवा लहान निघतोच, लहान निघाला तर उरलेल्यांचा गट घ्या. झालं. मी खडू हातात धरून ऐकत राहिले, कारण हे मी चार रात्रींत एकदाही असं पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला आनंद झाला, एवढं सोपं आहे हे ऐकून.

मग मुख्य भाग. n मितींचा घन घ्या, त्याला 2 चा n वा घात एवढे कोपरे. त्यातले निम्म्यापेक्षा एक जरी जास्त कोपरे उचलले, कुठलेही, तर त्यांच्यात असा एक तरी कोपरा असणारच ज्याचे निदान √n शेजारी उचललेल्यांतच आहेत. चौकोन घ्या, चारातले तीन कोपरे उचला, मधल्याला दोन शेजारी मिळतातच. साधा घन घ्या, आठातले पाच उचला, कुणाला तरी दोन मिळतात. चारच उचलले तर मात्र एकालाही एकही शेजारी न मिळेल असं करता येतं, एकाआड एक घ्यायचे. म्हणजे निम्म्यावर शून्य आणि एक वाढवला की एकदम √n. मला हे वाक्य बोर्डावर लिहिताना अजूनही काहीतरी होतं.

ह्वांगने काय केलं, तर घनाची मॅट्रिक्स घेतली, जिच्यात दोन कोपरे शेजारी असतील तिथे 1 असतो, आणि त्यातल्या काही 1 ना उणे केलं. ती पायरी पायरीने बनते. आधीची मॅट्रिक्स डावीकडे वर ठेवा, उजवीकडे खाली तीच पण उणे करून ठेवा, उरलेल्या दोन जागी आयडेंटिटी, म्हणजे कर्णावर 1 आणि बाकी शून्य. मी ते लिहिलं, वर्ग करून दाखवला, कडेची पदं एकमेकांना कापतात आणि वर्ग येतो n गुणिले आयडेंटिटी. मग सगळ्या आयगेनव्हॅल्यू +√n किंवा −√n, आणि ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, शून्य म्हणून दोन्ही निम्म्या निम्म्या. मी पुढे इंटरलेसिंगकडे वळणार, तेवढ्यात माझ्याच बॅचचा नागपूरचा मित्र, एरवी सगळं बोलणं हिंदी-इंग्रजीत चाललेलं असताना, न राहवून मराठीतच बोलला,

"अगं थांब, पण हे उणे कुठून आलं?"

मी म्हटलं, उणे घेतलं म्हणून तर वर्ग केल्यावर मधली पदं कटतात. तो म्हणाला, ते दिसतंय मला, पण उणे घेतलं नाही तर काय होतं, आणि हे इथेच का, दुसरीकडे का नाही? बाकीच्यांनी विचारलं काय म्हणतोय, त्याने इंग्रजीत परत सांगितलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रत्येक ओळ मी तपासली होती, प्रत्येक गुणाकार हाताने केला होता, आणि तरी हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या खोलीत हे वाक्य आधीही बऱ्याच जणांनी म्हटलेलं होतं, मीच पहिल्यांदा म्हणत होते. कुणी काही बोललं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. मग केरळची सीनियर म्हणाली, ठीक आहे, बघू या, मॅट्रिक्सचा वर्ग म्हणजे काय मोजतो?

दोन पावलांच्या वाटा, मी म्हटलं. एका कोपऱ्यातून निघून दोन पावलांत दुसऱ्या कोपऱ्यात जायच्या वाटा.

मग बोर्डाच्या मोकळ्या कोपऱ्यात एक चौकोन काढला. निघालो आणि त्याच कडेने परत आलो, अशा n वाटा, कडेवर उणे असलं तरी दोनदा गुणून अधिकच होतं, म्हणून कर्णावर n. आणि चौकोनाच्या समोरच्या कोपऱ्यात जायचं असेल तर बरोबर दोनच वाटा, एक इकडून, एक तिकडून. साध्या मॅट्रिक्समध्ये त्या दोन्ही अधिक, म्हणून बेरीज 2, आणि सगळा घोळ तिथे. आपल्याला तिथे शून्य हवंय. म्हणजे एक वाट अधिक आणि एक वाट उणे पाहिजे. म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या चार कडांत उणे विषम संख्येने पाहिजेत, एक किंवा तीन. बस, एवढंच. त्या मॅट्रिक्सची रचना हेच करत होती, मला नुसती रचना दिसत होती.

नागपूरवाला उठून बोर्डाशी आला, त्याने घन काढला आणि आम्ही लाल खडूने उणे द्यायला बसलो. खालच्या चौकोनात एका कडेवर उणे. वरचा चौकोन उलटा, म्हणून तिथे तीन कडांवर. उभ्या चारही कडा अधिक. मग बाजूच्या चार चौकोनांत बघितलं, प्रत्येकात खालची एक कड आणि वरची एक कड नेमकी उलट चिन्हाची, म्हणून प्रत्येकात एकच उणे. सहाही चौकोन जमले, बारा कडांपैकी चारांवर लाल. आम्ही बोट ठेवून ठेवून एकेक चौकोन मोजला, माझ्या ओढणीला सगळा लाल खडू लागलेला.

आणि उणे घेतलं नाही तर काय होतं, तेही मग कळलं. साध्या घनाच्या आयगेनव्हॅल्यू n, n−2, n−4 अशा −n पर्यंत पसरलेल्या असतात आणि बरोबर मधे, जिथे आपल्याला हव्या असतात तिथे, शून्याच्या आसपास गर्दी. निम्म्याहून एक कमी कोपरे वगळले की इंटरलेसिंग नेमकी ती मधलीच आयगेनव्हॅल्यू हातात देतं, म्हणजे काहीच देत नाही. चिन्हं दिल्यावर निम्म्या सगळ्या √n वर जाऊन बसतात, मधलीसुद्धा, आणि कुणाला तरी तेवढे शेजारी असल्याशिवाय एवढी मोठी आयगेनव्हॅल्यू येतच नाही. ज्या इंटरलेसिंगसाठी मी दोन रात्री जागले ते दोन मिनिटांत झालं, कुणाला शंकाच आली नाही.

बंगाली सीनियरने शेवटी विचारलं, मग आता हा प्रश्न संपला का? मी म्हटलं, ह्वांगवरून ब्लॉक सेन्सिटिव्हिटी ही सेन्सिटिव्हिटीच्या चौथ्या घातापेक्षा मोठी नाही एवढं येतं, आणि जास्तीत जास्त फरक असलेली जी उदाहरणं माहीत आहेत, रुबिनस्टाइनच्या 1995 च्या उदाहरणापासून, ती वर्गाचीच आहेत. दोन आणि चार यांच्या मधे अजून सगळं मोकळं होतं. त्यावर अर्धा तास अजून बोललो. समोसे गार झाले होते, तसेच खाल्ले. खोलीतून निघालो तेव्हा साडेआठ वाजलेले, पाऊस थांबलेला, आणि नागपूरवाल्याने कॅन्टीनपर्यंत मला परत एकदा सगळं मराठीत सांगायला लावलं, इंग्रजी शब्द न वापरता. प्रत्येक चौकोनात दोन वाटा, एकीचं देणं दुसरीने फेडायचं, असं काहीतरी मी म्हटलं. तो म्हणाला, हां, आता आलं.

त्यानंतर माझी पेपर वाचायची पद्धत बदलली, ते मला स्वतःला जाणवलं. ओळ तपासली की समासात लिहून ठेवायला लागले, हे नसतं तर काय मोडलं असतं. वेळ दुप्पट लागतो. गाइडना वाटायचं मी हळू आहे, मी खरंच हळू झाले होते.

2020 मध्ये सगळं ऑनलाइन गेलं. मी बार्शीला होते, नेट जायचं यायचं. टॅबलेटवर लिहून टॉक द्यायचे आम्ही, पण समोरच्याचा कॅमेरा बंद असला की त्याला कळतंय की नाही ते कळत नाही, आणि मधे थांबवायला लोक संकोचायचे. त्या काळातलं एकच मनापासून आठवतं, 2021 मधलं, नूतन लिमये, श्रीकांत श्रीनिवासन आणि सेबॅस्टियन ताव्हेना यांचा पेपर आला तेव्हाचं. ठराविक खोलीच्या अल्जेब्राइक सर्किट्ससाठी सुपरपॉलिनॉमियल लोअर बाउंड, म्हणजे ठराविक पायऱ्यांत नुसत्या बेरजा-गुणाकारांनी काही बहुपदी काढायला कुठल्याही ठराविक घातापेक्षा जास्त क्रिया लागतातच, असं पहिल्यांदाच सिद्ध झालेलं, फॉक्स (FOCS) या थिअरीच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये बेस्ट पेपर ठरला. लिमये आणि श्रीनिवासन दोघांनीही आधी पवईला आयआयटी बॉम्बेत शिकवलेलं, म्हणून आम्हाला तो घरचाच वाटत होता. तीन शुक्रवार लागले तो पेपर वाचायला, आणि तेवढ्यापुरते सगळ्यांनी कॅमेरे लावले.

कॅम्पसवर परत आल्यावर शुक्रवार परत सुरू करायला वेळ लागला. जुने बरेच निघून गेलेले, नव्यांना ही सवयच नव्हती, दोन-तीन वेळा तर मी आणि अजून एक जण एवढेच होतो. आम्ही तरी बोलायचो. मग हळूहळू माणसं जमली.

आणि मग माझ्या स्वतःच्या कामाचा टॉक. डिसिजन ट्रीवरचा एक लेमा (मोठ्या सिद्धतेतलं मधलं छोटं प्रमेय) होता, सात महिने त्यावर घालवलेले, लिहून झालेला. पहिल्या वर्षाचा एक मुलगा, नुकताच आलेला, फार घाबरत बोलणारा, त्याने विचारलं, तुम्ही इथे दोन शक्यतांचा गुणाकार केलात, पण त्या दोन घटना एकमेकांवर अवलंबून नाहीत हे कशावरून? मी बोर्डाकडे बघितलं. अवलंबून होत्या. एकच व्हेरिएबल दोन्हीकडे होता, आणि मला तो सात महिने दिसला नव्हता. मी त्याला म्हटलं, बरोबर आहे तुझं, हे चुकलंय. तो मुलगा सॉरी म्हणायला लागला. मी त्याला हात जोडून म्हटलं, अरे सॉरी काय, हे छापून आलं असतं तर? त्या रात्री मात्र मी खूप रडले, खोटं कशाला सांगू. तीन आठवड्यांनी लेमा उभा राहिला, थोडा कमजोर होऊन, एक लॉगचा फॅक्टर, म्हणजे log n सारखा गुणक, जास्त घेऊन. पेपरच्या शेवटी त्या मुलाचे आभार मानलेत, आणि त्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ त्या ओळीकडेच बघत होता.

या शुक्रवारी परत माझी पाळी आहे. तो लॉगचा फॅक्टर काढून टाकायचा मी प्रयत्न करतेय, प्रूफ जवळजवळ आहे, पण दुसऱ्या पानावर एक असमानता आहे जी मला उगाचच खरी वाटते, उदाहरणं घेतली की खरी ठरते आणि सिद्ध करायला गेलं की हातातून सुटते. आधी वाटलं होतं ती जागा भरली की मगच बोलावं. पण काल खोली ठरवली, तो मुलगा आता समोसे आणायचं काम करतो, त्याला आकडा सांगितला, बारा. सुरुवात त्या असमानतेपासूनच करणार आहे, बोर्डाच्या डाव्या बाजूला तेवढीच लिहून.